कुणाचा घाम मोजला

गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर बाकीच्या गावांना सुटल्यासारखं वाटेल. बार्शीच्या बाजूला आहे आणि साल दोन हजार त्रेचाळीस आहे, एवढं पुरे.

या गावात भैरवी महिला गृहउद्योगाची पत्र्याची लांबलचक शेड होती आणि तिथे अकराजणी रांगेत बसून उडदाचे पापड लाटायच्या. पीठ कुटायला यंत्र होतं, वाळवायला यंत्र होतं, डब्यात भरायलाही यंत्र होतं. लाटायला तेवढ्या बाया होत्या, कारण डब्यावर 'हाताने लाटलेला' असं छापलं की शहरातल्या माणसांना आजीची आठवण येते म्हणे. या अकराजणींवर देखरेखीला होती इंदुमती घोलप. वय चोपन्न, नाक तिखट आणि जीभ त्याहून तिखट. पिठात पापडखार चिमूटभर जास्त पडला तर तिला दारातूनच कळायचं. सगळ्या तिला इंदुताई म्हणायच्या आणि वचकून असायच्या.

रांगेत एक जागा मोकळी झाली होती, तिच्यासाठी एकच अर्ज आला. करिष्मा काळे, वय बावीस, बारावी पास, शिवाय आयटीआयचा अन्नप्रक्रियेचा कोर्स. राहायला ओढ्यापलीकडच्या पारधी वस्तीत. ही वस्ती चार पिढ्या तिथेच आहे. तरी गावाच्या तोंडी ती माणसं 'बाहेरून आलेली'. आणि पुण्याहून तीन वर्षांपूर्वी येऊन टेकडीवर बंगला बांधलेला तो कोण, त्याला गाव 'आपले साहेब' म्हणतं. बाहेरचा कोण हे अंतरावरून ठरत नाही, हे गावाला न शिकवता येतं.

पूर्वी असा अर्ज सरळ फेकून दिला असता. आता कायदा कडक झाला होता, जात विचारायची सोय उरली नव्हती. पण सोय उरली नाही म्हणून गप्प बसतील ती माणसं कसली! त्यांना पट्टी मिळाली.

विज्ञान खोटं नव्हतं, हे आधी सांगितलं पाहिजे. लाखो वर्षं माणूस लहान लहान टोळ्यांनी राहिला. टोळीबाहेरचा कुणी समोर आला तर त्याच्या हातात काठी असायची, नाहीतर अंगात आपल्याला कधी न झालेला आजार. जो सावध झाला तो वाचला आणि त्याचीच पोरंबाळं आपण. म्हणून अनोळखी चेहरा दिसला की मनाला कळायच्या आत शरीर दचकतं. नाडी बदलते, घामातले काही ठराविक रेणू वाढतात. मनगटावर बांधायची एक पातळ पट्टी हे रेणू दर दहा सेकंदांनी मोजू शकते, हा शोध लागला तेव्हा शास्त्रज्ञांना आनंद झाला आणि तो रास्तच होता.

पण त्याच शोधनिबंधाचा उत्तरार्ध होता. शरीरातला हा राखणदार कुत्र्यासारखा आहे, असं त्यात वेगळ्या शब्दांत म्हटलं होतं. भुंकायचं कसं हे त्याला जन्मतः येतं, कुणावर भुंकायचं ते घरची माणसं शिकवतात. चार आठवडे एकत्र राबलं, एकत्र जेवलं की तो भुंकायचा थांबतो. आणखी एक गोष्ट होती: घाम बदलला एवढं पट्टीला कळतं, कशाने बदलला ते कळत नाही. 'सलोखा सिस्टिम्स' नावाच्या कंपनीने या निबंधाचा पूर्वार्ध उचलला आणि उत्तरार्ध सोडून दिला. मग त्यांनी कारखान्यांना 'सहवास चाचणी' विकायला सुरुवात केली. नवा उमेदवार दोन दिवस गटात बसवायचा, गटातल्या सगळ्यांच्या हाताला पट्ट्या बांधायच्या आणि निर्देशांक काढायचा. साठाच्या वर गेला तर उमेदवार गटाला 'निसर्गतः विसंगत'. नाकारला तरी भेदभाव होत नाही, कारण कुणी काही बोललेलंच नसतं, नुसता घाम आलेला असतो. कंपनीच्या पत्रकावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं, 'तुमचा दोष नाही, तुमची उत्क्रांती आहे.'

वर आणखी दोन मेखा. चाचणी न घेणाऱ्या उद्योगाच्या मालावर 'सलोखा-प्रमाणित' शिक्का बसत नसे, आणि शिक्का नसलेला डबा मोठ्या दुकानांच्या फळीवर चढत नसे. आणि नाकारलेल्या उमेदवाराचा निर्देशांक जिल्ह्याच्या नोंदीत पाच वर्षं राही, कुठल्याही मालकाला तो दिसे. पावणेदोनशे वर्षांमागे इंग्रजांनी कायदा करून करिष्माच्या पूर्वजांना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं होतं. तो कायदा जाऊन नव्वद वर्षं झाली. आता ते काम कायद्याशिवाय होत होतं आणि त्याला विज्ञान म्हणत होते.

चाचणीच्या दिवशी कंपनीचे कोरडे नावाचे इंजिनिअर आले. तरुण, नम्र, सतत 'मॅडम, मॅडम' करणारे. त्यांनी इंदुमतीसकट बाराजणींच्या मनगटांवर पट्ट्या बांधल्या, रांगेवर नजर टाकली आणि खिडकीशेजारची मोकळी जागा करिष्माला दाखवली. तिथे पोळपाट होता, लाटणं होतं, पोळपाटावर एक लाटीही ठेवलेली होती.

"इथे बसा तुम्ही. तयारच आहे सगळं."

रांगेतल्या शारदाचं लाटणं क्षणभर थांबलं. तिने इंदुमतीकडे पाहिलं. इंदुमतीने काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. साहेबांनी जागा दाखवली होती, परक्या माणसासमोर कुठे नन्नाचा पाढा लावायचा, दोनच दिवसांचा प्रश्न आहे, असं तिच्या मनात आलं. बाकीच्याही बोलल्या नाहीत. पाहुण्यासमोर घरातलं काढायचं नाही, या एका शिस्तीपायी आपल्याकडे किती वाटोळं झालंय त्याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

करिष्मा बसली. तिने लाटी उचलली आणि लाटायला घेतली. पोरीचा हात बघण्यासारखा होता. पापड कडेपासून मध्यापर्यंत एकसारखा उतरत होता, खालच्या पोळपाटाची नक्षी त्यातून दिसत होती. दुपारी जेवायला शारदाने आपल्या डब्यातला ठेचा तिच्या भाकरीवर ठेवला. "खाऊन बघ. रडलीस तर माझं नाव घिऊ नको." करिष्माने खाल्ला, डोळ्यांतून पाणी आलं, सगळ्या हसल्या. एकटी तारामती हसली नाही. ती डबा घेऊन लांब बसली आणि कुणालाही ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "आपापल्या पिशव्या जवळ ठिवा गं बायांनो."

करिष्माने ते ऐकलं. तिने दुसरा घास घेतला.

तिसऱ्या दिवशी निकाल लागला. निर्देशांक बहात्तर.

कोरड्यांनी तो दाराजवळच्या पडद्यावर लावला, तसा नियमच होता. शेवटचं उत्तर द्यायला आठ दिवसांची मुदत होती आणि तोवर करिष्माने कामावर येत राहायचं होतं. खाली रंगीत अक्षरांत वाक्य आलं, 'गटाला उमेदवाराच्या सहवासात तीव्र नैसर्गिक अस्वस्थता जाणवते.' अकराजणी पडद्यासमोर उभ्या राहून ते वाचत होत्या, ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना दुसऱ्या सांगत होत्या. मागे करिष्मा उभी होती, पण तिला कुणी वाट करून दिली नाही. तिने टाचा उंचावून वाचलं.

निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून जे झालं ते पाहून इंदुमतीचं डोकं फिरलं. शारदाने डबा उघडला, ठेच्याची पुडी काढली आणि परत आत ठेवली. पाण्याच्या माठावरचा एक पेला कुणीतरी बाजूला काढून खिडकीत उपडा घातला. तो कुणासाठी, हे सांगायची गरज पडली नाही.

इंदुमतीने शारदाला भांडारात गाठलं. "काय गं, परवापरवा ठेचा भरवीत होतीस ना तिला? आज काय झालं?"

शारदाने मान खाली घातली. "ताई, खरं सांगू? मला तिच्याविषयी काईच वाटलं नव्हतं. गोड पोरगी हाय. पण पट्टी म्हणती म्हंजे आत कुठंतरी असंल की. आपल्याला आपल्या आतलं काय कळतंय? मशीनला कळतंय."

"आणि म्हणून तू पेला वेगळा केलास?"

"म्या न्हाई केला," शारदा म्हणाली. मग हळूच म्हणाली, "पण त्यो पेला घ्यायला माझा हातबी आता धजंना."

इंदुमतीला तिथेच ओरडावंसं वाटलं. जे मनात नव्हतं ते या पट्टीने आणून ठेवलं होतं आणि वर म्हणत होती, हे आधीपासून तुमच्यातच होतं! चोराने आपल्या घरात गाठोडं ठेवावं आणि आपल्यालाच चोर ठरवावं, तसली गत. पण ओरडून बहात्तरचे साठ होणार नव्हते. तिने फोन काढला आणि चाचणीचा मिनिटामिनिटाचा आलेख उघडला. देखरेख करणाऱ्याला तो पाहायची मुभा होती, पाहत मात्र कुणी नसे.

पहिल्या दिवशी सकाळी करिष्मा दारातून आत आली तेव्हा रेघ थोडीशी हलली आणि खाली बसली. सगळ्यांशी ओळख करून दिली, रेघ सपाट. मग नऊ वाजून बारा मिनिटांनी रेघ एकदम चढली, भिंत बांधावी तशी. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ती खाली आली नाही. जेवायला सगळ्या बाहेर कडुलिंबाखाली बसल्या तेव्हा रेघ पुन्हा सपाट. ठेचा खाऊन हसल्या तेव्हा तर तळाला. जेवण झालं, करिष्मा खिडकीशेजारी जाऊन बसली, पुन्हा भिंत. दुसऱ्या दिवशीही तेच.

नऊ बाराला काय झालं होतं? इंदुमती खिडकीशेजारच्या त्या पोळपाटाकडे बघत राहिली, आणि तिला उमगलं.

ती जागा सोनाबाईची होती. सोनाबाई तिथे बावीस वर्षं बसली. फेब्रुवारीत एका सकाळी लाटता लाटता तिथेच आडवी झाली ती उठलीच नाही. तेव्हापासून रांगेने आपापसात एक रीत लावून घेतली होती. रोजची पहिली लाटी सोनाबाईच्या पोळपाटावर ठेवायची, दुपारी कुणीतरी आपल्या पोळपाटावर तिचा पापड लाटून भाजायचा आणि भिंतीवर कावळ्याला घालायचा. कार्यालयात कुणाला हे ठाऊक नव्हतं, कारण सांगितलं तर पिठाची नासाडी म्हणाले असते. त्या सकाळी करिष्माने अजाणता उचलली ती लाटी सोनाबाईची होती. रांगेला घाम फुटला तो त्या पोरीला पाहून नव्हे. चार महिन्यांनी त्या पोळपाटावर पुन्हा लाटणं फिरताना दिसलं, म्हणून फुटला. त्यांचं दुःख मोजलं होतं आणि त्याला नाव दिलं होतं तिरस्काराचं.

आणखी एक गोष्ट तिने पाहिली आणि तिला हसू आलं, कडवट. प्रत्येकीचा वेगळा आकडा होता. सगळ्यांत कमी तारामतीचा, नऊ. पिशव्या सांभाळा म्हणणारी तारामती पट्टीच्या मते करिष्माच्या सहवासात सर्वांत सुखी होती. बरोबरच होतं. जिची खात्री पटलेली असते तिला घाम कशाला येईल? आणि सोनाबाईची बालमैत्रीण शारदा, तिचा आकडा चौऱ्याण्णव.

तिने कोरड्यांना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"मॅडम, तुमचं म्हणणं शक्य आहे," कोरडे म्हणाले. "पण कारण शोधणं आमच्या कक्षेत येत नाही. पट्टी प्रतिक्रिया मोजते."

"कारण तुमच्या कक्षेत नाही, मग पडद्यावर 'उमेदवाराच्या सहवासात' असं कसं लिहिलंत? 'मेलेल्या मैत्रिणीच्या आठवणीने' असं का नाही लिहिलं?"

"ते वाक्य तयारच असतं, मॅडम. साठाच्या वर गेलं की आपोआप येतं."

"आपोआप! पोरीची पाच वर्षं आपोआप जाणार!"

कोरडे माणूस वाईट नव्हते. वाईट माणसांशी भांडता तरी येतं. त्यांनी पुन्हा एकदा चाचणी घ्यायचं कबूल केलं, जागा बदलून.

पुढच्या सोमवारी इंदुमतीने कामाआधी सगळ्यांना गोळा केलं. आलेख दाखवला, नऊ बाराची भिंत दाखवली, सोनाबाईचं नाव घेतलं. शारदा पदराने डोळे पुसायला लागली. दोघी-तिघी करिष्माकडे पाहून ओशाळं हसल्या. इंदुमतीला वाटलं, झालं, आता निस्तरलं. करिष्माची जागा दाराजवळ केली, नवा पोळपाट दिला, पट्ट्या बांधल्या. या खेपेला एकच दिवस.

संध्याकाळी पाचला कोरड्यांनी आकडा वाचला. एक्क्याऐंशी.

इंदुमतीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मग तिला कळलं, आणि कळल्याने बरं वाटलं नाही. आज प्रत्येक बाई स्वतःवर पाळत ठेवून होती. माझा घाम तर वाढत नाही ना? करिष्माजवळून जाताना माझी पट्टी तर चढत नाही ना? पोरगी पाणी प्यायला उठली तरी अकराजणींची छाती धडधडत होती. मागच्या वेळी पट्टी खोटं बोलली होती. या वेळी ती खरं बोलत होती आणि ते खरं तिनेच तयार केलं होतं.

"मी सांगत होते की," तारामती हात झटकत म्हणाली. "रक्ताला कळतं सारं. सोनाबाईला कशाला मधी आणायचं?"

"मॅडम, इथे सही करा," कोरडे टॅब पुढे करत खालच्या आवाजात म्हणाले. "सही झाली की नोंद पूर्ण होईल. शिक्काही तुमचा आठवड्याभरात येईल. सही नसेल तर मग चाचणी झालीच नाही असं धरलं जातं. शिक्का जाईल."

शेडमध्ये सगळ्यांना हे ऐकू गेलं. करिष्मा दाराजवळ हात धुत होती, तिलाही. इंदुमतीने टॅब घेतला नाही.

"साहेब, किती पट्ट्या बांधल्या होत्या आज?"

"बारा. तुमच्यासकट."

"आणि तिच्या हाताला?"

"उमेदवाराच्या? नाही, उमेदवाराला नसते. निर्देशांक गटाचा असतो ना."

"म्हणजे परकं कोण वाटतं हे बाराजणींना विचारलं. बाराजणींत एकटी येऊन बसली तिला कुणी विचारलं नाही." इंदुमतीने मनगटावरची पट्टी ओढून काढली. "करिष्मा, इकडे ये बाळ."

करिष्मा ओले हात ओढणीला पुसत आली. इंदुमतीने तिच्या मनगटावर पट्टी बांधली आणि कोरड्यांकडे बघून म्हणाली, "वाचा."

कोरड्यांना ते नियमात बसत नाही असं म्हणायचं होतं, पण इंदुमतीचा चेहरा पाहून त्यांनी मिनिटभर वाट पाहिली आणि टॅबवर बोट ठेवलं. आकडा बघून त्यांनी पट्टी सैल करून पुन्हा बांधली. पुन्हा वाट पाहिली.

"त्र्याण्णव," ते म्हणाले.

"बिघडली असंल," तारामती म्हणाली.

"नाही," कोरडे म्हणाले. या खेपेला त्यांनी मॅडम म्हटलं नाही. "बरोबर आहे."

दाराजवळच्या ट्रेवर करिष्माने दिवसभर लाटलेले पापड होते. एकही वेडावाकडा नव्हता, एकाचीही कड जाड नव्हती. त्र्याण्णवाचा घाम फुटलेल्या हातांनी लाटलेले. शेडमधल्या कुणाला ते आठ तासांत कळलं नव्हतं, कारण तिला तसं दाखवायची सवय नव्हती.

करिष्मानेही टॅबवरचा आकडा पाहिला. तिला नवल वाटलेलं दिसलं नाही.

"आज कमीच म्हणायचा," ती म्हणाली. "पडद्यावर निकाल लावला त्या दिवशी जास्त असंल."

संतापाने इंदुमतीचे कान तापले. कोरड्यांवर, कंपनीवर, त्या पत्रकावर, अकराजणींवर, आणि पहिल्या सकाळी उघडलेलं तोंड मिटून घेतलं त्या स्वतःवर सगळ्यांत जास्त.

करिष्माने पट्टी सोडली आणि नीट घडी करून कोरड्यांच्या हातात दिली. मग ती रांगेकडे वळली.

"मी रोज येईन. एवढ्या आकड्यात राहायची मला लहानपणापासून सवय हाय, शाळेतबी हेच होतं. तुमाला जमंल का, तेवढं सांगा."

तारामतीने पिशवी उचलली. बाकीच्यांनी सवयीने आपापल्या मनगटांकडे पाहिलं, तिथे हिरवे-लाल ठिपके लुकलुकत होते.

"तिकडं काय बघताय?" इंदुमती कडाडली. "तुमाला विचारतीया ती, पट्टीला न्हाई! सही मी करणार नाही, शिक्का जायचा तर जाऊ दे, डबे बाजारात मांडून विकू. पण तिला जबाब तुमच्या तोंडाने द्यायचा. बोला."

मग शारदा उठली, पट्टीचा बंद तिला सुटेना म्हणून तिने तो दातांनी ओढून तोडला.

"मला जमंल का, ते ठावं न्हाई," ती करिष्माकडे बघत म्हणाली. "खरंच ठावं न्हाई, पोरी. पण ये तू."